मी डुप्लिकेट ठरवलेलं घड्याळ

पाण्याखाली दोनशे मीटर चालणारं घड्याळ सोलापूरच्या माणसाला कशाला हवं, असं बायकोने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी फोनमधून मान वर केली नाही. मग तिने दोनशे मीटर म्हणजे किती, ते विचारलं. साडेसहाशे फूट, मी म्हणालो. ती म्हणाली, "मग बोअरमध्ये सोडायला बरं आहे." आमच्या जुळे सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी यायचं होतं आणि आलं नव्हतं, म्हणून ती तसं बोलली. घड्याळावर तिचा काही राग नव्हता.

माझा मात्र त्या घड्याळात जीव अडकला होता. मी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांना लोलक, व्हर्नियर आणि स्टॉपवॉच काढून द्यायचं आणि संध्याकाळी मोजून परत कपाटात ठेवायचं, हे काम चोवीस वर्षं करतो आहे. दिवसभर दुसऱ्याला वेळ मोजायला देणाऱ्या माणसाच्या हातावर एक चांगलं घड्याळ असावं, असं मला वाटायचं. एका जुन्या स्विस कंपनीचं ते घड्याळ पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या माणसांसाठी केलेलं होतं. स्विस घड्याळांत ते स्वस्तातलं समजतात. माझ्या हिशेबाने तो दीड महिन्याचा पगार होता.

तीन वर्षं मी त्याची किंमत मनात मोजत होतो. काच नीलमण्याची, तिला ओरखडा पडत नाही, तिचे अमुक पैसे. आतलं यंत्र चांगलं, पण तेच यंत्र आणखी दोन कंपन्या कमी पैशांत देतात. जपानी घ्यावं तर निम्म्यात येतं आणि वेळ तितकीच दाखवतं. मग उरलेले पैसे नावाचेच झाले. नावाला पैसे द्यायचे का? सकाळी नाही म्हणायचो, संध्याकाळी हो. एकदा पुण्याला लग्नाला गेलो असताना दुकानात जाऊन ते मनगटावर चढवलंसुद्धा. दुकानातल्या माणसाने आरसा पुढे केला. मी घड्याळ बघायचं सोडून त्यात माझाच चेहरा बघितला आणि घड्याळ काढून दिलं.

ही ओढ वडिलांकडून आली. विजापूर वेशीजवळ एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला लागून त्यांचं काचेचं टेबल होतं. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि पारखायचेही. कुणाचा भाऊ आखातातून घड्याळ घेऊन आला की ते खरं का खोटं, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ तर आधी त्यांच्या भिंगाखालून जायचं. ते समोरासमोर कधी किंमत सांगत नसत. "एक दिवस ठेवून जा," म्हणायचे. मग ते घड्याळ दिवसभर कधी उताणं, कधी पालथं, कधी चावी खाली करून ठेवत आणि किती सेकंद पुढे गेलं, किती मागे पडलं ते बघत. दुसऱ्या दिवशी एक चिठ्ठी लिहून देत. अस्सल की नक्कल, ही पहिली ओळ. चालू स्थिती, ही दुसरी. अंदाजे किंमत, ही तिसरी. आणि चौथी ओळ कायम एकच: हे घड्याळ मी स्वतः विकत घेणार नाही.

ज्याला वस्तू हवी आहे त्याने तिची किंमत सांगू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एकदा एकाचं जुनं सोनेरी घड्याळ त्यांना इतकं आवडलं होतं की तीन दिवस ते त्याच्याबद्दलच बोलत होते. तो माणूस हातापाया पडून तुम्हीच घ्या म्हणत होता. वडिलांनी त्याला चिठ्ठी दिली आणि समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या घड्याळवाल्याकडे पाठवलं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, हे मला आठवतं.

ती चौथी ओळ माझ्याइतकीच पाठ असलेला आणखी एक जण आहे. तो माझा शाळेतला मित्र. होटगीहून सकाळच्या गाडीने शाळेला यायचा. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. शाळा सुटल्यापासून परतीच्या गाडीपर्यंत तो माझ्या वडिलांच्या टेबलापाशी बसून राहायचा आणि ते त्याला रबरी फुग्याने धूळ उडवू द्यायचे. पुढे तो मोटार फिटर झाला. विहिरीतली मोटार अडकली, पाइप निसटला, दोर तुटला की आसपासच्या गावांतून त्यालाच बोलावणं येतं. तो पाण्यात उतरतो, श्वास धरून तळाला जातो, मोटारीला दोर बांधून वर येतो. मी कॉलेजात कामाला लागल्यापासून तो मला 'मास्तर' म्हणतो. मी शिकवत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणूनच म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास तो घरी आला आणि त्याने रुमालाची गाठ सोडून ते घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. मी तीन वर्षं फोनवर बघत होतो तेच, निळ्या तबकडीचं.

ते त्याच्याकडे कसं आलं, हे त्याने चहा पिता पिता सांगितलं. पुण्याच्या एका माणसाने होटगीजवळ शेत घेतलं आहे. पावसाने विहीर काठोकाठ भरलेली. त्या दिवशी पाहुणे आलेले. आपण लहानपणी कसे पोहायचो हे त्यांना दाखवायला त्या पन्नाशीच्या गृहस्थाने वरून उडी टाकली आणि मध्येच त्याच्या पोटरीत गोळा आला. माझा मित्र शेजारच्या रानात मोटार खोलत बसला होता. आरडाओरड ऐकून तो धावला आणि त्याला केसाला धरून काठाला आणलं. तो माणूस अर्धा तास पायरीवर बसून खोकत होता. नंतर त्याने हातातलं घड्याळ काढलं आणि म्हणाला, हे पाण्यासाठीच केलेलं आहे, माझ्या हातावर उगाच होतं, तुम्ही घाला.

"आता गावात चहाच्या टपरीवर समदी हसत्यात," मित्र म्हणाला. "म्हनत्यात, जीव वाचिवलास आन् डुप्लिकेट घिऊन आलास. पुन्याचा मानूस खरं दील व्हय?"

मी विचारलं, विकायचं आहे का.

"इकायचं न्हाय रं. खरं हाय का एवडंच सांग. त्या मानसानं मनापासनं दिलं का माझं तोंड बंद केलं, एवडं कळलं की झालं. खरं असलं तर मरंस्तवर हातातनं काडनार न्हाय."

मी म्हणालो, "एक दिवस ठेवून जा."

वडिलांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि तो समाधानाने उठून गेला.

दुसरा दिवस रविवार होता. बायको माहेरच्या कुणाच्या बारशाला गेली होती. मी वडिलांच्या मागे माझ्याकडे राहिलेली त्यांची हत्यारं काढली. काचेवर पाण्याचा थेंब टाकला. तो न पसरता मोत्यासारखा गोल राहिला, म्हणजे काच नीलमण्याचीच. तबकडीभोवतीची फिरती कडी फिरवून पाहिली. ती एकाच दिशेने फिरली आणि एका फेरीत बरोबर एकशेवीस वेळा कट् वाजली. भिंगाखाली अक्षरांच्या कडा कोरल्यासारख्या होत्या. दहा मिनिटांत मला कळलं होतं की घड्याळ अस्सल आहे. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी मागचं झाकण उघडलं. आतलं यंत्र बघायची हाव आवरली नाही. यंत्र झळझळीत होतं आणि त्यावर नाव होतं, नंबर होता. झाकण परत बसवताना हत्यार निसटलं आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला बारीकशी चीर गेली. तसली कडी सोलापुरात मिळत नाही. मी झाकण आवळलं. वरून काहीच दिसत नव्हतं.

मग ते हातात घातलं. घरातल्या घरात फिरलो. गॅलरीत गेलो, परत आत आलो. काढून टेबलावर ठेवायचो आणि पुन्हा घालायचो. सोमवारी ते घालूनच कॉलेजला गेलो.

संध्याकाळी तो कॉलेजच्या फाटकापाशी आला. मी फक्त गप्प बसलो, त्यानेच काय तो अर्थ काढला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मी बोललो. वाक्य आधी जुळवलेलं होतं आणि तसंच बोललो.

"कॉपी आहे," घड्याळ त्याच्या हातात देत मी म्हणालो. "चांगली आहे, पण कॉपीच."

तो हसला. मला वाटलंच होतं, असं म्हणाला. त्याला तसं वाटलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांकडे बघत तो थोडा वेळ उभा राहिला. मग घरी जाताना हे कालव्यात टाकतो, म्हणाला. मी म्हणालो, टाकू नकोस, मला राहू दे. आणि त्याच्या खिशात चार हजार रुपये कोंबले.

"डुप्लिकेटला कोन चार हजार देतंय, मास्तर?"

मला हौस आहे, मी म्हणालो. त्याने दोनदा पैसे परत काढले, मी दोनदा परत घातले. त्याने चिठ्ठी मागितली नाही. मी बोललो तेच त्याला पुरलं. चिठ्ठी मागितली नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर ते घड्याळ माझ्या हातावर होतं आणि ते खोटं आहे असं मला सगळ्यांना सांगावं लागत होतं. बायकोला सांगितलं, डुप्लिकेट आहे, मित्राकडून घेतलं. माझं वेड चार हजारांत मिटलं म्हणून तिला बरं वाटलं. कॉलेजातले एक सर म्हणाले, माझ्या मेव्हण्याने असंच मुंबईत फुटपाथवर घेतलं, पाचशेला, तुम्ही फसलात. मी हो म्हणालो. ते घड्याळ किती मोलाचं आहे हे साऱ्या सोलापुरात मला एकट्याला माहीत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तीन वर्षं मी विचार करत होतो की नावाला पैसे द्यावेत का. आता नाव हातावर होतं आणि कुणी वाचायला लागलं की मी बाही खाली ओढत होतो.

एक सवय लागली. अंगठ्याने ती तबकडीभोवतीची कडी फिरवत राहायचं. कट्, कट्, कट्. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा मान वर करून कसला आवाज येतोय म्हणून विचारलं. मी हात पाठीमागे घेतला. पाण्याखाली पाणबुड्या ती कडी लावून वेळ बघतो. ती एकाच बाजूला फिरते, कारण चुकून धक्का लागला तर श्वास आहे त्यापेक्षा कमी उरलाय असं दिसावं, जास्त उरलाय असं दिसू नये. करणाऱ्याने चूकसुद्धा सुरक्षित बाजूला ठेवली आहे. हे मी फोनवर वाचलं होतं तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

त्याच हिवाळ्यात मित्र मोटारसायकलवरून पिशवीभर हुरडा आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आला. मी घरी नव्हतो. बायकोने संध्याकाळी हुरडा गरम करून ताटलीत दिला आणि हसत सांगितलं, तुमचा मित्र भला माणूस आहे हो. तो दारातच तिला म्हणाला होता, वहिनी, डुप्लिकेट घड्याळाला मास्तरनं चार हजार दिलं, मला ते गोड लागंना. आता वर्साला हुरडा देत जाईन, हळूहळू फिटंल.

हुरडा कोवळा होता, दाण्यात दूध होतं. मी ताटली बाजूला सरकवली. बायको म्हणाली, चटणी तिखट झालीय का.

तेव्हाच जायला हवं होतं. गेलो नाही. उलट एक हिशेब मनात मांडला की त्याला तरी काय तोटा आहे, पैसे मिळाले, त्याने वापरलंच नसतं, एखाद्या विहिरीत पडलं असतं. असे हिशेब दिवसा जमायचे. आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवावं लागायचं, तेव्हा ते मोडायचे. दोनशे मीटरचं घड्याळ मी बादलीच्या पाण्यालासुद्धा लावत नव्हतो, कारण त्या चिरेबद्दल मला माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात तो पुन्हा हुरडा घेऊन आला, तेव्हा मी घरी होतो. बायको चहा करत होती. तो सोफ्याच्या कडेला बसून गावाकडच्या गोष्टी सांगत होता आणि सांगता सांगता हसत म्हणाला, तो पुण्याचा माणूस आला होता. त्याची मोटार तळाला गेली होती. शेतावरच्या गड्याला त्याने याच्याकडे पाठवलं. हा गेला, पण विहिरीत उतरायला नाही.

"मी म्हनलं, सायेब, तुमच्या हिरीत मी उतरनार न्हाय. तर म्हनतोय, का हो, काय झालं? घड्याळ कुटं हाय? मी म्हनलं, इकलं. त्येच्या तोंडावरचा रंगच उडाला बग. काय बोलंना. चोरी धरल्यावर मानूस काय बोलनार?"

मी बाही खाली ओढली.

"मला घड्याळाचं काय न्हाय, मास्तर," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मी मानूस तसा लहानच हाय, कुनी काय दिलं, न्हाय दिलं, चालतंय. पन मी त्येला केसाला धरून वर काडताना त्यो माझ्या गळ्याला मिठी मारून रडलाय रं. आन् वर आल्यावर खोटं दिलं. आता मला कुनी बी हिरीत बोलावलं तर पयलं मनात येतंय, ह्यो काय भावाचा मानूस हाय."

बायको चहा घेऊन आली. त्याने तिच्याशी चटणीची गोष्ट काढली. मी उठून गॅलरीत गेलो, आत आलो, परत गॅलरीत गेलो. बायको म्हणाली, बसा ना जरा, तुम्हाला काय मुंग्या आल्यात.

पुढचे नऊ दिवस मी बसू शकलो नाही. कॉलेजात लोलकाचे गोळे दोनदा चुकीच्या कप्प्यात ठेवले. वडिलांची हत्यारांची पेटी उघडली, बंद केली. त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, तरी रंग उडालेला तो चेहरा मला दिसत होता. आपण जीव वाचवणाऱ्याला हातातली वस्तू दिली आणि त्याने ती विकली, असं त्याला वाटलं असणार. त्या दोघांमधलं सगळं खरं होतं. मी मध्ये बसून ते खोटं केलं होतं.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, स्कूटर काढून मी होटगीला गेलो. घरी कळलं की तो कामावर गेलाय, त्याच्या बायकोने शेत सांगितलं. मी पोचलो तेव्हा तो विहिरीच्या काठावर कपडे काढून चड्डीवर उभा होता. शेताचा मालक दोर आणायला वस्तीवर गेला होता. दुसरं कुणी नव्हतं. विहिरीत चार परस पाणी होतं, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहिली तर बुडतील एवढं. त्यात वरून आभाळ दिसत होतं.

"आरं, मास्तर? हितं कुटं?" तो म्हणाला आणि त्याचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "घालतूस व्हय अजून? आन हिकडं. एकदा तरी हिरीचं पानी दाकवू त्येला. बुडलं तर बुडलं, डुप्लिकेटच की."

त्याने हात पुढे केला. मी माझा हात मागे घेतला.

"पाण्यात नको," मी म्हणालो.

"का?"

"मी झाकण उघडलं होतं. आतली कडी चिरलीय. पाणी जाईल."

"जाऊ दे की. खोट्याला काय व्हतंय?"

मी म्हणालो, "ते खोटं नाही."

मग मी सांगितलं. त्याच्याकडे बघून सांगता आलं नाही, विहिरीत बघत सांगितलं. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं होतं, हेही सांगितलं. फाटकापाशी बोललेलं वाक्य मी आधी जुळवून ठेवलं होतं, हेही. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने हात धरून विहिरीत ढकललं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तो पायाच्या अंगठ्याने काठावरचा एक खडा हलवत राहिला.

"म्हंजे त्यो मानूस खोटा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"खरं हाय, आन् आता पान्यात चालायचं न्हाय."

"कडी बदलली की चालेल. पुण्याला पाठवावं लागेल. मी पाठवतो, खर्च—"

"तू नगं," तो म्हणाला.

तेवढ्यात मालक दोर घेऊन आला. मित्राने दोराचं टोक कमरेला गुंडाळलं. माझ्याकडे न बघता, घड्याळ माझ्याच हातात राहू दे असं खुणेने सांगितलं. पायऱ्या उतरून गेला, पाण्यात दोन डुबक्या मारल्या, छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेला.

मी कडी फिरवून शून्याची खूण मिनिटकाट्यावर आणली. हे मी कधीच केलं नव्हतं. सव्वा वर्ष ती कडी नुसती वाजवत होतो. पाणी शांत झालं, आभाळ परत जुळलं. दोर काठावरून थोडा थोडा आत सरकत होता. वीस सेकंद. चाळीस. मालक तंबाखू मळत होता, त्याला सवयीचं होतं. दोर थांबला. पन्नास. मी गुडघ्यावर बसलो. मिनिट झालं. सेकंदकाटा त्या घड्याळात टिकटिक न करता वाहत्यासारखा सरकतो, याचं मी फोनवर बघून किती कौतुक केलं होतं. आता तो थांबावा असं वाटत होतं. त्याच्या छातीत श्वास किती उरलाय हे मला कळायला काही मार्ग नव्हता. मी मालकाला म्हणालो, ओढा ना दोर. तो म्हणाला, वढू नका, बांधतोय त्यो.

तो वर आला. केस बाजूला करून, पायरीला धरून धापा टाकत राहिला. मोटारीला दोर बसला होता. मालक लगेच ओढायला लागला.

"किती झालं?" मित्राने खालून विचारलं.

"एक मिनिट बारा सेकंद."

तो माझ्याकडे वर बघत म्हणाला, "खरं सांगतूस न्हवं?"

मालक हसला, त्याला थट्टा वाटली. मी घड्याळ काढून पायरीवर उतरलो आणि त्याच्यापुढे धरलं. कडीवरची खूण आणि काटा बघून त्याने मान डोलावली.

मोटार वर आली. पाइप जोडून झाला. मी निघालो नाही आणि त्याने निघ म्हटलं नाही. अंग पुसून कपडे घातल्यावर तो माझ्यापाशी आला. पैशांचं मी काही बोलायच्या आत म्हणाला, ते परत करणार नाही, आणि हुरडा तू खाल्लास, तोही परत मागत नाही. मग म्हणाला, "चिठ्ठी लिव्हून दे. तुजा बा द्यायचा तशी. त्या मानसाला दाकवतो, आन् चहाच्या टपरीवरच्यांना बी."

माझ्याकडे कागद नव्हता. स्कूटरच्या डिकीत प्रॅक्टिकलच्या हजेरीचा एक जुना तक्ता होता, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला सीटवर ठेवून लिहिलं. घड्याळ अस्सल स्विस. चालू स्थिती उत्तम. मागचं झाकण मी उघडलं होतं, त्यात रबरी कडी चिरली, ती बदलल्याशिवाय पाण्यात घालू नये. किमतीच्या ओळीवर पेन थांबलं. तीन वर्षं मी ती किंमत मोजली होती, काचेची किती, यंत्राची किती, नावाची किती. त्यातलं काही आठवेना. दुकानातली किंमत लिहिली. खाली सही केली आणि कागद दिला.

त्याने सावकाश वाचला. वाचताना त्याचे ओठ हलतात, शाळेतही हलायचे. मग कागद परत माझ्यापुढे धरला.

"एक वळ ऱ्हायली की," तो म्हणाला.

सहीच्या खाली जागा होती. मी लिहिलं: हे घड्याळ मी स्वतः विकत घेणार नाही.

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, घड्याळ हातावर चढवलं. त्याचं मनगट जाड, पट्टा शेवटच्या भोकावर गेला. तिथेच उभ्या उभ्या त्याने फोन काढून कुणाला तरी लावला आणि बोलत बोलत बांधावरून लांब गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि मग स्कूटर सुरू केली.

बायकोला मी त्याच दिवशी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, त्या माणसाचा दोन वर्षं हुरडा खाल्ला आपण. 'आपण' म्हणाली, 'तुम्ही' म्हणाली नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला.

होटगीचा एक मुलगा आमच्या कॉलेजात आहे. त्याच्याकडून उन्हाळ्यात कळलं की माझा मित्र पुण्यावाल्याच्या विहिरीत पुन्हा उतरतो आणि उतरताना घड्याळ हातातच असतं. म्हणजे कडी बदलून आली असणार. मी त्या मुलाला आणखी काही विचारलं नाही.

माझ्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा पट्टा पुष्कळ दिवस होता, आता गेला. अंगठा मात्र अजून तिकडे जातो, फिरवायला काही नसतं. यंदा थंडी लवकर पडली. बाजारात हुरडा येऊन पंधरा दिवस झाले. बायको आणू का विचारते, मी नको म्हणतो. परवा दुपारी खाली मोटारसायकल थांबल्यासारखी वाटली, मी वाचत होतो तो पेपर टाकून गॅलरीत गेलो. शेजाऱ्यांकडे कुणी पार्सल घेऊन आलं होतं.